‘स्लॉट गेला’ म्हणण्याआधी: डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा एक्सपान्शन स्लॉट कसा तपासावा

गेल्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भाचा कॅबिनेट उचलून माझ्याकडे आला. घामाने निथळत होता, चेहरा उतरलेला. “मामा, ग्राफिक्स कार्ड दिसतच नाहीये. दुकानात म्हणाले स्लॉट गेला, बोर्ड बदलावा लागेल.” दुकानात त्याला दहाएक मिनिटांत हे सांगितलं होतं. कार्ड काढून मी टॉर्चच्या उजेडात स्लॉटमध्ये पाहिलं. आत कूलरच्या ताटीतल्या वाळ्याचा एक बारीक तंतू आडवा पडला होता. तो चिमट्याने काढला, स्लॉट साफ केला, कार्ड परत बसवलं आणि पडद्यावर चित्र आलं. त्याचं कॅबिनेट खिडकीतल्या कूलरच्या अगदी समोर, जमिनीवर असायचं. नागपुरात निम्म्या घरांत ते तिथेच असतं, कारण खोलीतली तेवढीच जागा गार असते.

एवढ्यावरून प्रत्येक स्लॉट साफसफाईने सुटतो असं समजू नका. खरोखर मेलेले स्लॉटही मी पाहिले आहेत. पण नवख्या माणसाच्या हातून बोर्ड फुकट बदलला जातो तो बहुतेक वेळा घाईमुळे. कार्ड, वीज, बसणी (कार्ड नीट बसलंय का), बायॉस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) आणि प्रोसेसरचा सॉकेट हे सगळे संशयित तपासून झाले की मगच स्लॉटचं नाव घ्यायचं. ती तपासणी कोणत्या क्रमाने करायची, ते खाली सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर दोष कशात होता ते कळायला मार्ग उरत नाही.

स्लॉटमध्ये असतं काय

आजच्या बोर्डवरचे स्लॉट पीसीआय एक्सप्रेस जातीचे असतात. छोटा एक्स१ सुमारे अडीच सेंटिमीटरचा आणि त्याला ३६ संपर्कबिंदू. ग्राफिक्स कार्डाचा लांब एक्स१६ सुमारे नऊ सेंटिमीटरचा आणि त्याला १६४. स्लॉटच्या आत एकही चिप नसते. प्लास्टिकच्या खोबणीत स्प्रिंगसारख्या पत्र्या असतात आणि त्या कार्डाच्या सोनेरी पट्टीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. त्यामुळे स्लॉट स्वतः बिघडतो तो तीन-चारच प्रकारे: पत्री वाकते, पत्रीवर घाण किंवा गंज बसतो, बोर्डशी जोडणारं डाखकाम तडकतं, नाहीतर प्लास्टिक जळतं किंवा फुटतं. बाकीचे ‘स्लॉटचे’ दोष खरं तर स्लॉटच्या मागच्या किंवा पुढच्या कशाचे तरी असतात.

खोबणीत एका टोकाजवळ एक आडवी भिंत दिसेल, जिच्यावर कार्डाची खाच बसते. भिंतीच्या अलीकडचा छोटा भाग, दोन्ही बाजूंचे मिळून २२ संपर्क, मुख्यतः वीज आणि नियंत्रणाचा आहे. पलीकडचा लांब भाग माहिती वाहून नेणाऱ्या लेनचा: एक्स१ मध्ये एक लेन, एक्स१६ मध्ये सोळा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे अदलाबदलीच्या चाचणीत त्याचा फार उपयोग होतो. एक्स१६ स्लॉट ग्राफिक्स कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो. त्याहून जास्त हवी असेल तर ती एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, वेगळ्या वायरीतून येते: सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ वॅट, आठ पिनांच्या जोडणीतून १५०.

आणखी एक गोष्ट. वरचा पहिला लांब स्लॉट जवळजवळ नेहमी थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. खालचे स्लॉट बहुधा चिपसेट या बोर्डवरच्या मदतनीस चिपमार्फत चालतात. म्हणजे वरचाच तेवढा बंद आणि खालचे ठणठणीत असतील, तर संशयाची सुई प्रोसेसरच्या बाजूलाही वळते.

हात लावण्याआधी

शटडाउन करा, एसएमपीएसमागचं बटण बंद करा, भिंतीवरचा प्लग काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. बोर्डवर छोटा दिवा असेल तर तो विझलेला दिसला पाहिजे. प्लग लावलेला असताना, मशीन बंद दिसत असलं तरी बोर्डवर पाच व्होल्टची स्टँडबाय वीज असतेच. अशा वेळी कार्ड ओढलं तर चांगला बोर्डही जाऊ शकतो.

महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत आणि काही भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर ती त्याची खूण. हे दुर्लक्ष करण्यासारखं अजिबात नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या. तोवर मॉनिटरची केबल चालू मशीनला लावू-काढू नका.

अंगावरच्या स्थिर विजेचं म्हणाल, तर आपल्याकडे ती खरी त्रास देते डिसेंबर-जानेवारीत, हवा कोरडी असते आणि अंगात लोकरीचा स्वेटर असतो तेव्हा. स्वेटर काढून ठेवा, गादीवर किंवा गालिच्यावर काम करू नका, लाकडी टेबल घ्या. कार्डाला हात लावण्याआधी आणि मधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करत राहा. कार्ड कडेने धरा. सोनेरी पट्टीला बोट लावू नका.

पायरी १: लक्षण नीट ओळखा

सगळ्यात आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. नव्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. ग्राफिक्स कार्ड बसवलं आहे, पण केबल मात्र बोर्डच्या पोर्टला. ती कार्डाच्या पोर्टला लावा आणि मॉनिटरवर योग्य इनपुट निवडा. उलट प्रकारही होतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ येतं, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसतात. त्या मशीनमधून कार्ड काढून बोर्डच्या पोर्टवर चित्र शोधलं तर ते कधीच मिळणार नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नाही.

मग बोर्डवरचे छोटे दिवे बघा. बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार दिवे असतात. व्हीजीएचा दिवा अडकून राहिला तर कार्ड, स्लॉट किंवा कार्डाची वीज यांच्याकडे बघायचं. डीरॅमचा अडकला असेल तर स्लॉट सोडा, आधी रॅम काढून परत बसवा.

विंडोज सुरू होत असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. कार्डाचं नाव दिसतंय पण शेजारी पिवळा त्रिकोण आहे, याचा अर्थ स्लॉटमधून बोलणं निदान सुरू तरी झालं आहे. कोड १० किंवा ४३ दिसला तर आधी ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका. नावच कुठे दिसत नसेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. आणि कार्ड व्यवस्थित चालतं पण गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग सुरू केलं की मशीन बंद पडतं, असं असेल तर एसएमपीएसचा विचार स्लॉटच्या आधी करा.

पायरी २: बसणी

कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची कुंडी दाबा, कार्ड सरळ वर उचला. कुंडी न दाबता ओढलं तर ती तुटते, आणि कधी स्लॉटच उचलला जातो. परत बसवताना दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. कुंडीचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. बसल्यावर सोनेरी पट्टी एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी दिसत असेल तर कार्ड तिरकं आहे.

तिरकं राहण्याचं कारण बरेचदा कॅबिनेट असतं. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा किंचित वाकलेला असतो. कार्डाची लोखंडी पट्टी खाली कुठेतरी अडते, आणि स्क्रू आवळला की कार्डाचं आतलं टोक वर येतं. खात्री करायची तर थोडा वेळ स्क्रू न लावता मशीन चालवून बघा, कॅबिनेट आडवं ठेवून. तसं चाललं तर दोष पत्र्यात आहे, तो पक्कडने हलकेच सरळ करता येतो.

वजनदार कार्ड लटकून स्लॉटवर ताण येतो. त्याखाली आधार द्या. बाजारात छोटे स्टँड मिळतात.

आता वायरी. कार्डाच्या आठ पिनांच्या जागी प्रोसेसरची आठ पिनांची वायर जोर लावून घुसवू नका. दोन्हींत बारा व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट्या असतात. ग्राफिक्स कार्डाची वायर सहा अधिक दोन अशी तुटक असते, प्रोसेसरची चार अधिक चार. वायर हातात घेतली की आधी हेच बघायचं.

पायरी ३: साफसफाई

कूलरची ओली हवा, रस्त्याची धूळ आणि पाण्यातले क्षार हे तिन्ही मिळून बोर्डवर काय करतात, ते पाहायचं असेल तर एकदा कूलरची ताटी काढून बघा. तिच्यावर जो पांढरा थर बसलेला असतो, त्याचे बारीक कण हवेबरोबर कॅबिनेटमध्येही जातात. ओलसर धूळ पत्रीवर बसली की संपर्क अधूनमधून सुटतो. म्हणून मे महिन्यात मशीन रुसतं आणि हिवाळ्यात आपोआप चालतं, असा अनुभव लोकांना येतो.

मोठ्या ब्लोअरने आधी सगळीकडची धूळ काढा, कॅबिनेट गच्चीवर किंवा बाल्कनीत नेऊन. पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या हवेने ती वाट्टेल त्या वेगाने फिरायला देऊ नका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार थेट पत्र्यांवर जातात. नंतर टॉर्च तिरका धरून खोबणीत बघा. मोबाईलने फोटो काढून मोठा केला तर डोळ्यांना न दिसणारी वाकलेली पत्री दिसते. दोन्ही बाजूंच्या पत्र्या एका ओळीत, सारख्या अंतरावर हव्यात. एखादी आत दबलेली किंवा शेजारणीला टेकलेली दिसली तर तिथेच थांबा. टाचणीने ती सरळ करण्याचा मोह मलाही झाला होता आणि त्यात मी एका चांगल्या बोर्डाची पत्री तोडली. हे काम भिंगाखाली काम करणाऱ्या माणसाचं.

कार्डाच्या सोनेरी पट्टीसाठी मऊ पांढरा खोडरबर पुरतो. हलक्या हाताने, पट्टीच्या लांबीला आडवा, दोन-तीनदा फिरवा आणि कण पूर्ण झटका. मग नव्व्याण्णव टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लिंट न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पुसा. पॉलिश पेपर, सुरी, गंज काढायचा तेलकट स्प्रे यांतलं काहीही वापरायचं नाही. स्लॉटमध्ये घाण चिकटलेली असेल तर अवशेष न ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, कार्ड चार-पाच वेळा घालून-काढून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. नागपूरच्या उन्हाळ्यात अर्धा तास पुरे, पावसाळ्यात मी रात्रभर ठेवतो.

पायरी ४: अदलाबदल

खरा निकाल इथे लागतो. त्यासाठी दुसरं एक चालू मशीन लागेल, मित्राचं किंवा शेजाऱ्याचं. आधी संशयित कार्ड त्या मशीनमध्ये लावा. तिथेही चाललं नाही तर दोष कार्डातच आहे. तिथे चाललं तर आपल्याच मशीनमध्ये ते खालच्या लांब स्लॉटला लावून बघा. आणि शेवटी खात्रीने चालणारं दुसरं कार्ड संशयित स्लॉटमध्ये. या तीन निकालांपैकी एकही वगळू नका.

दुसरं ग्राफिक्स कार्ड मिळत नसेल तर एक्स१ जातीचं साधं लॅन कार्ड किंवा यूएसबी कार्ड घ्या. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ते थोडक्या पैशांत मिळतं आणि माझ्या पेटीत एक कायम असतं. एक्स१ कार्ड लांब स्लॉटमध्ये सरळ बसतं आणि चालतंही. ते संशयित एक्स१६ स्लॉटमध्ये लावल्यावर विंडोजने ओळखलं, तर त्या स्लॉटची वीज, घड्याळाचा संकेत आणि पहिली लेन ठीक आहेत असं कळतं. उरलेल्या पंधरा लेनबद्दल मात्र ते काही सांगत नाही. म्हणून लॅन कार्ड चाललं की ‘स्लॉट ओके’ असा शिक्का मारू नका, आणि ते चाललं नाही तर मात्र बोर्डाकडे गंभीरपणे बघा.

चाचणीसाठी दहा-बारा वर्षांपूर्वीचं ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर आणखी एक खबरदारी. तेव्हाच्या अनेक कार्डांना मशीन सुरू करायची नवी यूईएफआय पद्धत कळत नाही. बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद असेल तर अशा कार्डावर चित्र येत नाही आणि आपण उगाच स्लॉटला दोष देतो.

पायरी ५: बायॉस आणि मॅन्युअल

बोर्डाचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या आणि स्लॉटचं पान वाचा. कंटाळवाणं आहे, पण स्लॉट ‘मेल्याचं’ कोडं कितीदा तरी त्याच पानावर सुटतं. बऱ्याच बोर्डांवर एम.२ एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी पट्टीसारखी एसएसडी) आणि एखादा स्लॉट यांच्या लेन सामाईक असतात. एसएसडी लावली की तो स्लॉट बंद होतो. परवा नवी एसएसडी टाकली आणि आज साउंड कार्ड गायब, असं असेल तर एसएसडी काढून बघा. खालचा लांब स्लॉटही अनेकदा दिसायलाच लांब असतो, आत जोडणी चार लेनचीच. खोबणीत डोकावलं तर बरेचदा अर्ध्याहून जास्त भागात पत्र्याच दिसत नाहीत. तो बिघाड नाही.

यानंतर बायॉस मूळ स्थितीत आणा. प्लग काढून सीआर२०३२ बॅटरी पाच-दहा मिनिटं बाजूला ठेवा किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेला जंपर वापरा. बॅटरी तीन व्होल्टची असते, फारच उतरली असेल तर नवीच घाला. कार्ड उभं बसवायला रायझर केबल वापरली असेल तर ती काढून थेट स्लॉटमध्ये लावा. केबल हवीच असेल तर बायॉसमध्ये स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन ३ (तिसऱ्या पिढीचा वेग) वर आणून बघा. जेन ४ चा वेग जुन्या केबलींना झेपत नाही.

बायॉस अपडेट मी शेवटी ठेवतो. आपल्याकडे वादळी पावसात लाइट जाते तेव्हा सांगून जात नाही, आणि अपडेट अर्धवट राहिलं तर बोर्ड उठत नाही. यूपीएस असेल तरच करा.

पायरी ६: कार्ड चालतंय, पण अर्ध्या जोराने

जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं साधन उघडा आणि बस इंटरफेस ही ओळ बघा. तिथे ‘एक्स१६ ३.०’ च्या पुढे ‘१.१’ दिसलं म्हणून घाबरू नका, काम नसताना कार्ड वीज वाचवायला वेग खाली आणतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून चाचणी चालवा, मग खरा आकडा दिसतो. लेनची संख्या मात्र भार पडल्यावरही कमीच राहिली तर विचार करा. त्यातही आधी कार्डाची माहिती बघा. आरएक्स ६६०० आठच लेनचं आहे, आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेनचं. रायझन ५ २४००जीसारखा प्रोसेसरही ग्राफिक्स कार्डाला आठच लेन देतो. हे सगळं नसून एक्स१६ चं कार्ड एक्स८ किंवा एक्स४ वर अडकलं असेल, तर पट्टीवर घाण, वाकलेली पत्री किंवा पुढची पायरी.

पायरी ७: प्रोसेसरचा सॉकेट

वरचा स्लॉट बंद, खालचे चालू आणि वरचं सगळं करून झालं, तर प्रोसेसर उचलून सॉकेट बघावा लागतो. इंटेलच्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात. त्यांतली एक वाकली तरी एखादी लेन किंवा अख्खा स्लॉट जातो. प्रोसेसरवरच्या कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले तरी तेच होतं. पहिल्यांदाच करत असाल तर हे जाणत्या माणसासमोर करा, आणि थर्मल पेस्ट आधी आणून ठेवा.

मल्टिमीटरबद्दल मला नेहमी विचारतात. चालू मशीनच्या स्लॉटमध्ये मीटरच्या सुया घालून १२ आणि ३.३ व्होल्ट मोजता येतात, पण पत्र्या इतक्या जवळ असतात की सुई जरा घसरली तर बारा व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात आणि तोवर जिवंत असलेला बोर्ड मरतो. नवख्याने हे करू नये, असं माझं ठाम मत आहे.

स्लॉट खरंच गेला असेल तर

दुसरा लांब स्लॉट मोकळा असेल तर आधी तो वापरा. चार लेनवर गेममध्ये वेग कमी होईल, ऑफिसचं काम, टायपिंग, दोन मॉनिटर यांत फरक जाणवणारही नाही. लॅन किंवा वायफाय कार्डाच्या जागी यूएसबीचं उपकरण चालतं.

बोर्ड वॉरंटीत असेल तर स्लॉट बदलायला कुणालाही हात लावू देऊ नका. डाखकाम झालेला बोर्ड कंपनी परत घेत नाही. वॉरंटी संपली असेल तर बोर्ड-पातळीवर दुरुस्ती करणारा माणूस शोधा आणि बोर्ड खालून तापवायची सोय आहे का ते आधी विचारा. १६४ संपर्कांचं ते काम साध्या डाखणीने नीट होत नाही. सांगितलेली रक्कम नव्या बोर्डाच्या निम्म्याच्या वर जात असेल तर मी दुरुस्ती करत नाही.

सर्व्हिस सेंटरला जाताना बिल, खोका आणि वहीतलं ते पान न्या: कोणतं कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये, काय दिसलं. पान पुढे ठेवलं की काउंटरवरचा माणूस त्याच तपासण्या पुन्हा करायला बोर्ड आठवडाभर ठेवून घेत नाही, असा माझा अनुभव आहे. निघण्याआधी प्रत्येक स्लॉटचा आणि सॉकेटचा स्वच्छ फोटो काढा. आणि इंटेलचा बोर्ड असेल तर सॉकेटवरचं ते काळं प्लास्टिकचं झाकण, जे नवा बोर्ड बसवताना निघतं आणि आपण कचऱ्यात टाकतो, ते शोधून बसवूनच न्या. झाकण नसेल आणि वाटेत पिना वाकल्या, तर वॉरंटी नाकारली जाते.